राजधानीच्या पायाखालची जमीन
(तालुका शिबिरात आम्ही केलेले भाषण)



मागच्या मोर्चाला आपण मुंबईला गेलो, तेव्हा समुद्राच्या भिंतीवर भाकरी खायला बसलो होतो. आपल्यातल्या एका आजीने आम्हाला विचारलं, "एवढा मोठा गाव, पण याचा डोंगर कुठं गेला?" आम्ही बारावीपर्यंत शिकलेलो, पण उत्तर देता आलं नाही. मग घरी येऊन जुनी पुस्तकं काढली, शहरातल्या साथींना विचारलं. प्लॉटच्या दाव्यांचं बोलायचं सोडून हे भूगोलाचं काय काढलं, असं कोणाला वाटेल. थोडं ऐकून घ्या, दाव्यांकडे येतोच.

आधी दगडाचं. मुंबईचा दगड आणि आपला दगड एकच आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडल्या, आतला तापलेला रस वर आला, लांबवर पसरला आणि थंड होऊन काळा दगड झाला. त्यावर पुन्हा रस आला, पुन्हा दगड झाला. भाकरीवर भाकरी ठेवावी तसे थर. घाटाच्या कड्यावर आडव्या पट्ट्या दिसतात ना, ते हेच. आपल्याकडे घाटात हे थर सपाट आहेत. मुंबईत ते पश्चिमेला कलले आहेत, म्हणजे समुद्रात उतरत जातात.

एक थर निवून दुसरा येईपर्यंत मध्ये पुष्कळ काळ जायचा. तेवढ्या काळात पाणी साचायचं, झाडं उगवायची. वरळीला अशा दोन थरांच्या मधल्या दगडात इंग्रजांच्या वेळी बेडूक सापडले. बारीक बेडूक, दगड झालेले. कासवही सापडलं. त्यावरून शास्त्रज्ञांनी ठरवलं की इथे तेव्हा गोड्या पाण्याचं तळं होतं. हे बेडूक ध्यानात ठेवा, पुढे लागतील.

अंधेरीला गिल्बर्ट हिल म्हणून एक टेकडी आहे. टेकडी कसली, उभा सुळकाच. कोणी दगडाचे खांब एकमेकांना चिकटवून उभे केलेत असं वाटतं. रस हळूहळू निवला म्हणून त्याचे असे खांब झाले. उंची २०० फुटांच्या आसपास. आजूबाजूचा दगड खाणवाल्यांनी फोडून नेला, हा तेवढा राहिला. त्याच्या माथ्यावर कोणाचं देऊळ आहे माहीत आहे? गावदेवीचं.

आता आजीचा डोंगर. आज जिथे मोठी मुंबई दिसते तिथे दक्षिणेला सात बेटं होती : कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम. पूर्वेला टेकड्यांची एक रांग, पश्चिमेला मलबार हिल ते वरळी दुसरी रांग, आणि मधली जमीन खोलगट. भरती आली की मध्ये पाणी. गावांची नावं अजून ते सांगतात. उमरखाडी म्हणजे उंबराजवळची खाडी. पायधुणी म्हणजे ओहोटीला चिखलातून चालत येऊन पाय धुवायची जागा. चिंचपोकळी, ताडदेव, फणसवाडी, ही तर आपल्याच पाड्यांची नावं वाटतात. झाडं गेली, नावं राहिली.

सुमारे १७८४ साली वरळी आणि महालक्ष्मीच्या मधलं तोंड बांध घालून बंद केलं. मग भराव सुरू झाला, तो अजून थांबलेला नाही. डोंगरीची टेकडी कापली आणि बंदराच्या भरावात घातली. १९२० च्या दशकात बॅकबेचा समुद्र भरायला काढला तेव्हा कांदिवलीचा डोंगर फोडून दगड रेल्वेने नेला. गेटवे ऑफ इंडियाचा पिवळा दगड मालाडजवळच्या खारोडीचा. म्हणजे आजीचा डोंगर समुद्रात गेला आणि भिंतीत गेला. बॅकबेच्या त्या कामात पैशाची एवढी उधळपट्टी झाली की के. एफ. नरिमन नावाच्या वकिलाने ती चव्हाट्यावर आणली. एका साहेबाने त्यांच्यावर खटला भरला, तो नरिमननी जिंकला. पुढे तिथेच आणखी समुद्र भरला आणि त्या भरावाला नाव दिलं नरिमन पॉइंट! आणि मंत्रालय? विधान भवन? तेही बॅकबेच्या भरावावरच. आपण मोर्चा घेऊन गेलो आणि घोषणा दिल्या, तिथे पूर्वी मासे पोहत होते.

पाण्याचं आपल्याला माहीतच आहे, तरी सांगतो. काळ्या दगडाच्या बेटावर पाणी मुरत नाही, विहिरी खाऱ्या होतात. शहर वाढलं तसं पाणी पुरेना. १८६० ला विहार झालं, १८७९ ला तुळशी, १८९२ ला तानसा, पुढे वैतरणा, भातसा. धरण दरवेळी शहरापासून लांब गेलं आणि आपल्या जवळ आलं. विहारच्या शेजारीच कान्हेरीची लेणी आहेत. तिथल्या भिक्षूंनी दीड-दोन हजार वर्षांपूर्वी डोंगरातच टाकी खोदली, पावसाचं पाणी चरांनी त्यात आणलं आणि तेच प्याले. कोणाचं गाव बुडवलं नाही. त्याच डोंगराच्या आसपास आपल्या वारल्यांचे पाडे आहेत. त्यांना आज अतिक्रमण म्हणतात.

आता दाव्यांचं. समुद्र भरून केलेल्या जमिनीला नंबर पडला, नकाशा झाला, पट्टे दिले गेले. तिला कोणी अतिक्रमण म्हटलं नाही. आपल्या आज्याने झुडपं काढून, दगड वेचून नागली-वरईचं रान केलं, ते मात्र अतिक्रमण. सरकारचा स्वतःचा जीआर होता की ३१ मार्च १९७८ पूर्वीची वहिवाट कायम करायची. पण कचेरीत एका साहेबाने आम्हाला विचारलं, "पुरावा काय?" आम्ही म्हटलं, शेताचा बांध बघायला चला. तो म्हणाला, "दगड काय बोलतो का?"

वरळीचे बेडूक साडेसहा कोटी वर्षांनी बोलले ना! आपला बांध तर आपल्या आज्याच्या काळातलाच आहे. बांधाच्या खालच्या दगडावर शेवाळ आणि माती कशी बसलीय, बांधावरचा आंबा केवढा जाड झालाय, दगडात उखळ कुठे कोरलंय, जुनी थडगी कुठे आहेत, हे सगळं लिहून घ्यायचं आहे. तोंडी नाही, पंचनामा करून. प्रत्येक पाड्यात पाच म्हातारी माणसं आणि दोन लिहिणारी पोरं अशी टोळी करा. प्लॉटच्या चारही कोपऱ्यांना फिरा, कुठल्या ओहोळापासून कुठल्या झाडापर्यंत ते लिहा, अंगठे घ्या. पोरींना लिहायला बसवा, त्यांचं अक्षर चांगलं असतं.

आणि गार्डाने फाडलेल्या दंडाच्या पावत्या घरात कुठे कुडात, पेटीत असतील त्या शोधा. ज्या पावतीने आपल्याला चोर ठरवलं, तीच आपण तेव्हा तिथे नांगर धरत होतो हे सांगते. पुढच्या बैठकीला येताना त्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आणा. मागच्या वेळी ओढा ओलांडताना तीन घरांच्या पावत्या भिजल्या आणि तारखा पुसल्या गेल्या.