दानाकडून हक्काकडे : खोतीच्या लढ्याचा धडा

(सुवर्णमहोत्सवी सोहळ्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी कापडाचा व्यापारी. वाणिज्य शाखेची पदवी घेतली आणि गादीवर बसलो. वक्ता नव्हे, त्यामुळे जमाखर्चाच्या भाषेतच चार शब्द बोलणार आहे.

आपल्या परंपरेत आहार, औषध, ज्ञान आणि अभय अशी चार दाने सांगितली आहेत. पहिली तीन आपल्या ट्रस्टने पन्नास वर्षे निष्ठेने केली. आज बोलायचे आहे ते चौथ्याविषयी. गरिबाच्या मनातील भय केवळ अन्नवस्त्राने जात नाही. त्याच्या बाजूने कायदा उभा राहिला तरच ते जाते. याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात घडले आहे.

माझे आजोबा सांगत, पूर्वी खेड्यातील कूळ कापड उधारीवर नेई आणि भात झाल्यावर पैसे देई. परंतु खळ्यावर पहिला हात खोताचा. खोत म्हणजे सरकार आणि कूळ यांच्यामधला वसुलीचा मध्यस्थ. कुठे पिकाचा अर्धा, कुठे तिसरा हिस्सा त्याच्याकडे जाई, वर वेठ निराळी. १८८० च्या खोती कायद्याने या व्यवस्थेला सरकारी मान्यताच दिली होती. आजोबांच्या वहीत कुळांची बाकी वर्षानुवर्षे पुढे ओढली जाई. काही वेळा ते बाकी सोडून देत. ते दानच होते. पण पुढच्या वर्षी तेच कूळ पुन्हा त्याच ओझ्याखाली येई.

हे ओझे मुळातून उतरवण्याचा प्रयत्न केला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी. त्यांचे मूळ गाव आपल्या जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले आंबडवे. १९२९ साली चिपळूणच्या परिषदेत त्यांनी कुळांची दुःखे ऐकली. अनंतराव चित्रे यांच्यासारखे कार्यकर्ते गावोगाव फिरून कुळांना संघटित करीत होते. शेजारच्या कुलाबा जिल्ह्यात नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून संप चालवला होता.

बाबासाहेब स्वतः बॅरिस्टर. एकेका कुळाचा दावा लढवून खोती जाणार नाही, हे त्यांनी ओळखले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधानसभेच्या पुण्यातील अधिवेशनात त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. ते सरकारी नव्हते, एका सदस्याने स्वतः आणलेले होते. त्यात कसणाऱ्याला कब्जेदाराचा हक्क होता आणि खोताला वाजवी नुकसानभरपाईही होती. व्यापारी म्हणून मला हे विशेष वाटते. एकाचे खाते भरताना दुसऱ्याचे नाहक बुडू नये, ही दृष्टी त्यात आहे.

१० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. त्यांचे शिष्टमंडळ पंतप्रधान बाळासाहेब खेर यांना भेटले. तरीही विधेयक त्या वेळी संमत झाले नाही. अखेर १९४९ चा खोती निर्मूलन कायदा १५ मे १९५० पासून अमलात आला. विधेयक मांडल्यापासून जवळजवळ तेरा वर्षे गेली. पण त्यानंतर कुणा एकाच्या दयेवर अवलंबून राहण्याची पाळी कुळावर उरली नाही. आपल्या रत्नागिरीचेच चरित्रकार धनंजय कीर यांच्या आंबेडकर चरित्रात हा काळ तरुणांनी अवश्य वाचावा.

आता माझी एक चूक सांगतो. आमच्या दुकानातून शिलाईचे काम नेणाऱ्या एक विधवा भगिनी होत्या. दिवाळीला कापड आणि जूनमध्ये मुलांची फी, असे तीन वर्षे आम्ही देत होतो आणि त्याचे समाधान मानत होतो. पतीच्या पश्चात घरावर त्यांचे नाव लागू दिले जात नव्हते, हे मी कधी विचारलेच नाही. एका वकील मित्राने सांगितले, की महिलेला उत्पन्नाची अट न लावता सरकारी खर्चाने वकील मिळतो. विधी सेवा प्राधिकरणाचा १९८७ चा कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू आहे आणि जिल्हा न्यायालयात त्याचे कार्यालय आहे. त्या तिथे गेल्या, वकील मिळाले, तडजोड झाली आणि घरावर नाव लागले. पुढच्या दिवाळीला त्या दुकानात आल्या त्या स्वतःच्या पैशाने साडी घेण्यासाठी. माझी तीन वर्षांची मदत एका कागदापुढे किती लहान होती, हे त्या दिवशी कळले.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे नम्र सूचना ठेवतो. महिन्यातून एक दिवस आपल्या सभागृहात, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सहकार्याने, सर्व जातिधर्मांच्या गरजूंसाठी कायदा सल्ला केंद्र चालवावे. आलेल्या अडचणींची, नावे गुप्त ठेवून, नोंदवही ठेवावी. एकच तक्रार दहा जणांची असेल तर दोष माणसांत नसून नियमात आहे, असे समजावे. ती नोंद जाणकार वकिलांकडून नीट मांडून आपल्या आमदारांना द्यावी, विधिमंडळाच्या विनंती अर्ज समितीकडे पाठवावी. सरकार एखाद्या मसुद्यावर हरकती व सूचना मागवते तेव्हा आपल्याही सूचना मुदतीत जाव्यात. यात पक्षीय राजकारण नको, निवडणुकीचा संबंध नको.

कुणी म्हणेल, हे आपले काम आहे का? काही नियम आपल्या व्यापाराला जाचक ठरतील, अशीही शंका येईल. मलाही ती आली. परंतु आजोबांची वही आठवते. कुळाच्या हाती भात उरले तेव्हाच आमचीही बाकी फिटली.

सुवर्णमहोत्सवी वर्षात या चौथ्या दानाचा शुभारंभ व्हावा, एवढीच प्रार्थना करून माझे दोन शब्द संपवतो.

जय जिनेंद्र!