आपल्यातले ‘इतर’

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी मला ‘डेटा आणि आपलं रोजचं जगणं’ असा विषय दिला आणि पंधरा मिनिटं दिली. भाषण मी आठवडाभर आधीच लिहून ठेवलं होतं. त्यात परदेशातले दाखले होते, दोन विनोदही होते. आज सकाळी नऊ वाजता शाळेच्या दारातच ते सगळं भाषण फुकट गेलं. कसं ते सांगते.

दारात लावलेला रंगीत वर्तुळाचा फलक तुम्ही पाहिला असेल. वर लिहिलंय, ‘आज आम्ही कुठे आहोत’. तो मी केला. “तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तुला पाच मिनिटांचं काम” असं म्हणून समितीने ते माझ्या गळ्यात घातलं. ग्रुपवर फॉर्म पाठवला, ४४ जणांनी भरला. डॉक्टर ३, इंजिनिअर ९, शिक्षक ७, शेती ६ आणि इतर १९. भूगोलाच्या बाई समोर बसल्या आहेत, म्हणून सांगते. बाई, विभाजित वर्तुळात ‘इतर’चा कोन १५५ अंशांचा येतो, मी ताडून पाहिला आहे. तुम्ही कोनमापक घेऊन तपासायचात, ती भीती अजून गेलेली नाही.

तर मी दारात उभी होते. माझ्या बाकावर बसणारी माझी मैत्रीण चहाचा कप घेऊन आली, फलक पाहिला आणि म्हणाली, “छान झालाय गं. मी ‘इतर’मध्ये आहे ना?”

ती रागाने म्हणाली नाही. ‘स्वारगेटची गाडी याच फलाटावर लागते ना?’ असं विचारावं, तसं विचारलं. मी “हो” म्हटलं. ती पुढे गेली आणि मी तिथेच उभी राहिले.

फॉर्ममधले ते पाच पर्याय कुणी ठरवले? मीच. रात्री साडेअकराला, झोप आलेली असताना. आणि पाचच का? तर सहावा रंग छापील फलकावर नीट उठून दिसत नव्हता. एवढंच कारण. त्या कारणाने आपल्या वर्गातली १९ माणसं एका राखाडी पट्ट्यात गेली. ‘इतर’ला राखाडी रंग द्यायची पद्धतच आहे आमच्या धंद्यात, म्हणजे त्याकडे कुणाचं लक्ष जाऊ नये.

मग मी मोबाइल काढून त्या १९ जणांचे फॉर्म एकेक वाचले. खाली ‘अधिक माहिती’ म्हणून एक रकाना ठेवला होता, तो मी फलक करताना उघडलाही नव्हता. एकजण सैन्यातून सुभेदार होऊन निवृत्त झालाय. एक एसटीत वाहक आहे. एकीची पिठाची गिरणी आहे. अकराजणी घर सांभाळतात. आणि त्या अकरांपैकी चौघींनी खाली लिहिलंय की दिवसभर शेतात असतो. मग ‘शेती’ का नाही निवडलं? एकीने त्याचंही उत्तर दिलंय, ‘सातबारा यांच्या नावावर आहे’. म्हणजे माझ्या वर्तुळात शेतीत सहाजण दिसतात, ते सहाही मुलगे. प्रत्यक्षात रानात जाणारे दहाजण आहेत.

ही चूक माझ्या एकटीची असती तर मी फलक उतरवून गप्प बसले असते. पण आपल्या जनगणनेतही फक्त घरकाम करणारी बाई ‘काम न करणारी’ या गटातच जाते. २०१९ साली राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने एक वेगळी पाहणी केली. सुमारे १ लाख ३८ हजार घरांत जाऊन माणसांना विचारलं, काल पहाटे चार ते आज पहाटे चार या वेळात अर्ध्या अर्ध्या तासाने तुम्ही काय काय करत होता? हुद्दा काय, यावर भर नव्हता. त्यात दिसलं की स्वतःच्या घरातलं बिनपगारी काम १०० पैकी ८१ स्त्रिया करतात आणि १०० पैकी २६ पुरुष. जे करतात त्यांच्यात स्त्रियांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, पुरुषांची ९७. बाई तीच, तिचा दिवसही तोच. एका तक्त्यात ती ‘काम न करणारी’ आणि दुसऱ्या तक्त्यात रोज पाच तास राबणारी. प्रश्न कसा विचारला, यावर ते ठरतं.

मी २९९ आणि ९७ असे दोन उभे स्तंभ काढून आमच्या फ्रिजवर लावले होते. यजमान म्हणाले, “मी ९७च्या वर आहे.” मी म्हटलं, मोजू या. आठवडाभर मोजलं. निकाल इथे सांगत नाही, ते आज मागच्या रांगेत बसले आहेत. पण भाजी निवडायला हल्ली न सांगता बसतात.

आकडा आणि चित्र भिंतीवर लागलं की माणूस वागणूक बदलतो. चांगल्या बाजूला बदलतो, तसा भलत्या बाजूलाही. माझी आई पंचाहत्तरीची आहे. भावाने तिला पावलं मोजणारं घड्याळ दिलं. रात्री पावणेदहाला ती हॉलमध्ये सोफ्याभोवती गोल गोल फिरते, कारण ९,४०० झालेत आणि दहा हजार व्हायचेत. गुडघा दुखतोय तरी फिरते. हे दहा हजार आले कुठून? १९६५च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र बाजारात आलं, त्याचं नावच ‘दहा हजार पावलांचं मापक’ अशा अर्थाचं होतं. आकडा गोल होता, लक्षात राहण्यासारखा होता. तोच पुढे जगभर पसरला. २०१९ साली अमेरिकेतल्या वयस्क स्त्रियांचा एक मोठा अभ्यास आला. त्यात साधारण साडेसात हजार पावलांनंतर फायदा वाढताना दिसला नाही आणि ४,४०० पावलं चालणाऱ्यांनाही फरक पडलेला दिसला. मी आईला हे सांगितलं. ती म्हणाली, “पण घड्याळात हिरवं होत नाही ना.”

हे हिरवं होणं म्हणजे माझ्या पोटापाण्याचा व्यवसाय. त्यातली एक गोष्ट मी आजवर फार कुणाला सांगितलेली नाही.

ग्राहकांच्या तक्रारींचे फोन घेणारं एक केंद्र होतं, नाव नको. तिथल्या भिंतीवरच्या मोठ्या पडद्यासाठी मी डॅशबोर्ड केला. प्रत्येक कर्मचाऱ्याचं नाव आणि त्यापुढे एका फोनला सरासरी किती मिनिटं लागतात तो आकडा. मला रंग द्यायचे होते. हिरवा कुठपर्यंत, लाल कुठून, असं मी दोनदा विचारलं, उत्तर आलं नाही. शुक्रवार संध्याकाळ होती, सोमवारी दाखवायचं होतं. मी सहा मिनिटांपर्यंत हिरवा, आठच्या वर लाल असं टाकलं आणि शेजारी स्वतःसाठी टीप लिहिली, ‘तात्पुरते, नंतर बदलणे’. सहा आणि आठच का? तसंच. बरे वाटले.

वर्षभराने दुसऱ्या कामासाठी मी त्या केंद्रात गेले. एक मुलगी फोनवर बोलत होती, पलीकडे कुणी म्हातारे गृहस्थ असावेत, ती जरा मोठ्याने आणि सावकाश बोलत होती. बोलता बोलता तिने पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “काका, तुम्ही जरा वेळाने परत फोन करता का?” मी नंतर तिला विचारलं. ती म्हणाली, “मॅडम, सहाच्या वर गेलं की सरासरी बिघडते. तीन महिने लाल राहिलं की प्रोत्साहन भत्ता जातो.” काकांनी परत फोन केला की तो नवा फोन मोजला जातो. म्हणजे पडदा हिरवा, कामाचा आकडा दुप्पट, आणि काकांची तक्रार होती तिथेच.

गुडहार्ट नावाच्या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७५ साली या जातीच्या घोटाळ्याकडे बोट दाखवलं होतं. मोजमाप हेच उद्दिष्ट झालं की त्या मोजमापावर विसंबता येत नाही. मी हे इंजिनिअर झाल्यावर वाचलं होतं, समजलं त्या दिवशी. तिथल्या साहेबांना मी सांगितलं की ते सहा आणि आठ मी अंदाजाने टाकले होते. ते म्हणाले, “आता बदलले तर मागच्या वर्षाशी तुलना कशी करणार?” पाठपुरावा करून रेषा हलवायला आणखी सात महिने लागले. कापलेला भत्ता कुणालाही परत मिळाला नाही. ती मुलगी तोवर नोकरी सोडून गेली होती.

माझ्यासारखीने तरी ही चूक करायला नको होती, असं मला वाटतं त्याचं कारण याच शाळेतलं आहे. बाकावरच्या मैत्रिणीकडे परत येते.

आपला तालुका दुष्काळी. पैसेवारी हा शब्द आपल्याला पाठ्यपुस्तकाच्या आधी घरात कळला. आपले वडीलधारे आणेवारीच म्हणायचे, सोळा आण्यांच्या हिशेबातली. गावातल्या काही शेतांत ठरावीक तुकडा आखून पीक कापायचं, वजन करायचं, चांगल्या वर्षीच्या प्रमाण उताऱ्याशी ताडून पाहायचं आणि रुपयाला किती पैसे पीक आलं ते गावासाठी ठरवायचं. पन्नास पैशांच्या आत आलं की गाव टंचाईच्या यादीत. मग शेतसाऱ्यात सूट, कर्जवसुलीला स्थगिती आणि विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्क माफ.

आपण दहावीला होतो त्या वर्षी ज्वारी करपली, आठवतंय? फी माफ झालेल्या गावांची यादी सरांनी वर्गात वाचली. माझं गाव त्यात होतं, ४८ पैसे. तिचं नव्हतं, ५३ पैसे. आमच्या दोन गावांच्या मध्ये एक ओढा आहे. त्यांचं रान ओढ्याच्या काठाला आणि आमचं समोर. पाऊस दोन्हीकडे सारखाच आला नव्हता आणि ज्वारी सारखीच करपली होती. पण तिच्या गावात वरच्या अंगाला विहिरींचा पट्टा होता, त्याने गावाची सरासरी वर नेली. तिच्या वडिलांना विहीर नव्हती. माझी फी माफ झाली. तिच्या वडिलांनी एक शेळी विकली.

तिचं शिक्षण त्या फीमुळे थांबलं असं मी म्हणत नाही. ती दहावी माझ्यापेक्षा जास्त मार्कांनी पास झाली, बारावी झाली, मग लग्न झालं. त्याची कारणं वेगळी आहेत आणि ती सांगायचा अधिकार तिचा. मी फक्त त्या दुपारचं सांगते. यादी वाचून झाल्यावर तिने मला विचारलं होतं, “पन्नासच का गं?” मला उत्तर आलं नव्हतं.

पैसेवारी वाईट, असं माझं म्हणणं नाही. काहीच मोजलं नसतं तर मलाही फी माफ झाली नसती. रेष कुठेतरी मारावीच लागते. आता तर २०१६च्या दुष्काळ संहितेनंतर पावसाची तूट, जमिनीतली ओल, धरणांतला साठा आणि उपग्रहातून दिसणारी पिकांची हिरवाई असं बरंच काही पाहून दुष्काळ ठरवतात. ते नकाशे फार सुरेख असतात, मी तासन्‌तास पाहत बसते. पण तालुका एका रंगाने भरला की त्यातला ओढा दिसत नाही आणि विहीर नसलेलं रानही दिसत नाही. त्या नकाशाखाली ‘हा रंग कुठे बदलतो आणि ते कुणी ठरवलं’ अशी एक ओळ हवी, असा माझा हट्ट असतो. त्या केंद्रातल्या प्रकारानंतर मी केलेल्या प्रत्येक पडद्याखाली ती ओळ असते. माझे सहकारी मला ‘तळटीपवाली’ म्हणतात. म्हणू देत.

आणि तरीही परवा रात्री साडेअकराला मी ‘इतर’ असा पर्याय टाकलाच.

म्हणून एक विनंती. हे भाषण संपलं की मी तो फलक उतरवते आहे. मागच्या टेबलावर पांढरे कागद आणि स्केचपेनं ठेवली आहेत. आपण काय करतो ते ज्याने त्याने आपल्या शब्दांत लिहावं. रकाने नाहीत, पर्याय नाहीत. वर्तुळ होणार नाही, गोळाबेरीज करता येणार नाही, समितीने मला माफ करावं. मैत्रिणीने तिचा कागद मघाशीच लिहून दिलाय. ‘दोन एकर डाळिंब, चार शेळ्या, सासऱ्यांचं औषधपाणी, मुलीचा नर्सिंगचा अभ्यास. आणि पंचायतीची दोन वर्षं सदस्य.’ यातलं शेवटचं मलाही माहीत नव्हतं.

एक गोष्ट राहिली. सकाळी सरांनी आपल्या जुन्या वर्गात हजेरी घेतली, तेव्हा फळ्याच्या कोपऱ्यात आपल्या मॉनिटरने नेहमीसारखं लिहिलं होतं, पट ५२, हजर ३८. आपल्यातले दोघे आता नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. हिशेबाची सवय जात नाही, म्हणून मी त्याला हळूच म्हटलं, “अरे, पट पन्नास हवा ना?”

तो हातातला खडू पुसत म्हणाला, “दोघांपैकी कुणी शाळा सोडल्याचा दाखला नेलेला नाही.”