संयुक्त विधेय आणि संयुक्त वाक्य

वैनगंगेच्या कांठचें आरमोरी हें गांव टसर रेशमासाठीं प्रसिद्ध आहे. १९८२ सालीं गडचिरोली हा जिल्हा निराळा झाला, तोंवर तें चंद्रपूर जिल्ह्यांत होतें. तेथील घरोघरच्या उद्योगांतलेंच एक इंग्रजी वाक्य आज उदाहरणास घेऊं : ‘द वीव्हर बॉइल्स द ककून्स अँड रील्स द थ्रेड.’ विणकर कोसे उकळतो आणि धागा काढतो. क्रिया दोन, पण कर्ता एकच. येथें ‘अँड’नें जोडलीं तीं केवळ विधेयें, ह्यास संयुक्त विधेय म्हणावें. आतां हें पहा : ‘द वीव्हर बॉइल्स द ककून्स, अँड हिज वाइफ रील्स द थ्रेड.’ ‘अँड’च्या पुढें नवा कर्ता आला. दोन्ही भाग सुटे केले तरी अर्थानें पुरे राहतात, म्हणून हें संयुक्त वाक्य. अशा वाक्यांत ‘अँड’पूर्वीं स्वल्पविराम देतात, पहिल्या प्रकारांत सहसा देत नाहींत.

भेद इतका सोपा असतां आपला विद्यार्थी अडखळतो कां? दादोबा पांडुरंगांनीं १८३६ सालीं मराठीचें व्याकरण इंग्रजीचा आदर्श पुढें ठेवून रचिलें. त्यामुळें दोन्हींकडील संज्ञा सारख्या भासतात, पण मर्यादा निराळ्या आहेत. आपल्या शालेय व्याकरणांत ‘विणकर कोसे उकळतो आणि धागा काढतो’ हेंही संयुक्त वाक्यच गणलें जातें.

दुसरें कारण अधिक महत्त्वाचें. मराठी क्रियापद आपल्या कर्त्याची खूण अंगावर वागवितें. ‘भाऊ आजारी पडला आणि शाळेंत येऊं शकलों नाहीं,’ असें आपण सहज बोलतों. ‘शकलों’ ह्या रूपांतच ‘मी’ सामावलेला आहे. रजेच्या अर्जांत विद्यार्थी लिहितो : ‘माय ब्रदर फेल इल अँड कुड नॉट कम टु स्कूल.’ झालें! गैरहजर ठरला तो भाऊ, आणि अर्जदारास रजेचें कारणच उरलें नाहीं. ‘कुड’चें रूप सर्व पुरुषीं एकच असल्यानें तेथें ‘अँड आय’ असें म्हटल्यावांचून गत्यंतर नाहीं.

म्हणून ‘अँड’ लिहितांना क्षणभर थांबावें आणि विचारावें : पुढील क्रिया कोणाची? कर्ता तोच असेल तर तो पुन्हा लिहिण्याचें कारण नाहीं. निराळा असेल तर त्यास वगळूं नये.