ओल्यात धरणारा गोंद
(माहूर येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

रेणुकामातेच्या या गडापासून समुद्र फार दूर आहे. डिंकाशी मात्र वनप्रदेशातील माणसाचा परिचय जुना. धावड्याचा डिंक लाडवांसाठी घराघरांत येतो, आणि त्याचा स्वभावही सर्वांना ठाऊक आहे : कोरड्यात घट्ट बसतो, पाणी लागले की सुटतो. शल्यचिकित्सकाची अडचण नेमकी हीच असते. शरीराच्या आत कोरडे असे काहीच नाही. रक्ताने भिजलेल्या जागी सामान्य गोंद टिकत नाही, म्हणून टाके घालावे लागतात. आणि यकृतासारख्या मऊ अवयवाला टाके घालणे म्हणजे लोण्याला शिवण घालणे होय.

ओल्यात चिकटण्याची विद्या शिनाण्यांपाशी आहे. कोकण-गोव्याच्या खडकांवर वाढणारे हे दोन शिंपांचे जीव. तेथील माणूस ते आवडीने खातो. पण खडकावरून ओढून काढताना किती जोर लागतो, हेही तोच जाणतो. शिनाणे आपला मऊ पाय खडकाला टेकवते, पायाच्या खाचेत प्रथिनांचा द्रव सोडते आणि काही मिनिटांत तेथे एक चिवट तंतू व त्याच्या टोकाला चकती तयार होते. लाटांचा मारा सोसण्याचे बळ अशा अनेक तंतूंतून येते.

या द्रवातील मर्म १९८१ साली अमेरिकेत जे. हर्बर्ट वेट आणि मार्व्हिन टँझर यांनी प्रसिद्ध केले. त्या प्रथिनांत ‘डोपा’ नावाचा घटक विपुल असतो. त्याच्या रेणूवर हायड्रॉक्सिलचे दोन गट शेजारी शेजारी असतात. हे जोडगट पाण्याचा थर ओलांडून दगडाला पकडतात, आणि समुद्रातील लोहाशी बांधले जाऊन तंतूचे आवरण कठीण, तरीही ताणले जाणारे करतात.

येथे हिरड्याची आठवण होते. हिरड्याच्या काढ्यात हिराकस घातला की गडद काळा रंग उतरतो, हे आपल्या रंगाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होते. हिरड्यातील टॅनिनवरही असेच शेजारी हायड्रॉक्सिल गट असतात आणि तेही लोहाला धरतात. रसायन सख्खे नसले तरी चुलत आहे. २०१३ साली फिलिप मेसरस्मिथ यांच्या गटाने टॅनिक आम्लाचा पातळ थर निरनिराळ्या पृष्ठभागांवर बसवून दाखवला. हे ऐकून ‘हे तर आमच्याकडे होतेच’ असे म्हणण्याचा मोह होईल. तो आवरलेला बरा. रंगाऱ्यापाशी परिणाम होता. ‘का’ हा प्रश्न घेऊन दशकानुदशके एका शिंपल्यापाशी बसणारे दुसरे होते.

शिनाण्यांतून थेट गोंद काढणे परवडत नाही. एका ग्रॅमसाठी सुमारे १० हजार जीव लागतात. म्हणून प्रयोगशाळेत त्याची नक्कल सुरू झाली. दक्षिण कोरियात जिवाणूंकडून ही प्रथिने तयार करवून घेतली जातात. २००७ साली मेसरस्मिथ आणि हेशिन ली यांनी दाखवले, की डोपामिनच्या सौम्य अल्कधर्मी द्रावणात बुडवलेल्या जवळजवळ कोणत्याही वस्तूवर चिकट थर चढतो.

बार्नॅकलची युक्ती वेगळी. जहाजाच्या तळाला चिकटून गती मंदावणारा हा कवचधारी जीव दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अभ्यासाचा जुना विषय आहे. तेथे प्रश्न त्याला दूर ठेवण्याचा. चिकटण्यापूर्वी तो तेलकट स्रावाने जागा स्वच्छ करतो. हेच तत्त्व घेऊन एमआयटीतील युक आणि झाओ यांच्या गटाने २०२१ साली तेलात चिकट कण मिसळलेला लेप प्रसिद्ध केला. तेल रक्त बाजूला सारते, कण ऊतीला धरतात. प्राण्यांवरील प्रयोगांत रक्तस्राव सुमारे १५ सेकंदांत थांबला. माहूरहून नांदेडचे मोठे रुग्णालय शंभराहून अधिक किलोमीटरवर आहे; अपघातातील जखमीसाठी त्या १५ सेकंदांचे मोल निराळे सांगायला नको. मात्र प्राण्यांत साधले ते माणसात साधेलच असे नाही. गोंद विषारी नसावा, आणि जखम भरल्यावर शरीराने तो सुखरूप विरघळवावा, या अटी कठीण आहेत.

आणखी एक गोष्ट. आपल्या किनाऱ्यावरचे हिरवे शिनाणे पाश्चात्त्य निळ्या जातीची प्रतिकृती नव्हे. त्याच्या एका प्रमुख प्रथिनात डोपाऐवजी साखर जोडलेले ट्रिप्टोफॅन आढळते. २००९ साली हे उलगडले ते कॅलिफोर्नियात, वेट यांच्याच प्रयोगशाळेत. जीव मात्र रत्नागिरीच्या खडकावर ओहोटीला हाताला लागतो.