अक्कलदाढ : दुखणे आणि शस्त्रक्रिया



साधारणतः १७ ते २५ या वयात अक्कलदाढ येते. कित्येकांच्या खालच्या जबड्यात तोवर तिला जागाच उरलेली नसते. भरलेल्या फळीवर शेवटचा तागा आडवा कोंबावा, तशी ती तिरपी होऊन पुढील दाढेस भिडते व अर्धी हिरडीखालीच राहते. तेथे अन्नकण अडकतात, जंतू वाढतात, गाल सुजतो, तोंड उघडेनासे होते.

अशा वेळी लवंगेचे तेल लावून आणि दुकानातून चार गोळ्या आणून दिवस काढले जातात. सूज उतरते, कारण मात्र जागीच राहते. क्वचित हा जंतुसंसर्ग जिभेखाली व गळ्यात पसरून श्वासमार्ग दाबतो. जर्मन वैद्य लुडविग यांनी १८३६ साली या विकाराचे वर्णन केले. ताप चढला, गिळता येईना, तर सकाळची वाट पाहू नये; कळव्यातच महानगरपालिकेचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे.

मग प्रत्येक अक्कलदाढ काढावी काय? मुळीच नाही. इंग्लंडमधील 'नाइस' या संस्थेने २००० सालीच सांगितले की, निरोगी दाढ केवळ खबरदारी म्हणून काढू नये. वारंवार सूज येणे, पुढील दाढ किडणे, ही खरी कारणे होत.

शस्त्रक्रियेत जबडा बधिर करून हिरडी उघडतात, थोडे हाड कोरतात, गरजेनुसार दाढेचे तुकडे करून ती काढतात व टाके घालतात. खालच्या ओठास संवेदना देणारी नस दाढेच्या मुळांजवळून जाते. म्हणून आधी जबड्याचा एक्स-रे काढतात. ओठ बधिर राहण्याचा संभव किती, हे संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी अवश्य विचारावे. मीटरभर कापड घेताना रंग जाईल काय, असे दहादा विचारणारे गिऱ्हाईक येथे मात्र गप्प बसते!

जखमेत साकळलेले रक्त हेच तिचे आवरण. जोराने चूळ भरल्यास वा तंबाखू ओढल्यास ते निघून जाण्याचा धोका असतो आणि मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी असह्य ठणका लागतो.

चौविहार पाळणाऱ्यांनी ते डॉक्टरांना आधीच सांगावे, म्हणजे औषधांच्या वेळा बसविता येतील. औषध परस्पर बंद करू नये. कॅप्सूलचे आवरण बहुधा प्राणिजन्य जिलेटिनचे असते; त्याऐवजी गोळी मिळेल काय, हेही विचारावे. तातडी नसल्यास पर्युषणातील उपवासांचे दिवस टाळावेत.

खर्चाचा प्रश्न असेल, तर शासकीय दंत महाविद्यालय छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसनजीक, सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात आहे. कळव्याहून धीमी लोकल थेट तेथवर जाते.