मुठीतली ताकद



आपण सगळे आता साठीच्या पुढे आलो, म्हणून आज मुद्दाम मैत्रिणींसाठी बोलते. बरणीचं झाकण निघत नाही, भाजीची पिशवी जिन्यात दोनदा खाली ठेवावी लागते, आणि आपण म्हणतो, "चालायचंच, वय झालं!" फिजिओथेरपिस्ट म्हणून सांगते, हे इतकं सहज सोडून देऊ नका.

हाताची पकड डायनॅमोमीटरने मोजतात. खुर्चीत बसून, कोपर काटकोनात ठेवून मूठ आवळायची. आकडा किलोत येतो. आशियाई तज्ज्ञांच्या २०१९ च्या निकषानुसार स्त्रीची पकड १८ किलोंहून कमी असेल तर ती कमजोर समजतात. ही पकड साऱ्या अंगातल्या ताकदीचा अंदाज देते, म्हणून तिला महत्त्व.

हात लवकर का दमतो? ढोबळ हिशेब करा. पाच किलोंचं ओझं २५ किलो पकड असलेलीच्या ताकदीचा पाचवा हिस्सा. १५ किलोवालीच्या ताकदीचा तिसरा. ओझं तेच, पण तिचा स्नायू आधी थकतो. ताकद वाढली की तेच काम हलकं होतं.

"आम्ही दिवसभर राबतोच की!" असं तुम्ही म्हणाल. पण घरकामात ओझं रोज तेवढंच असतं. स्नायू वाढतो तो थोडं जास्त मागितल्यावर. चालणं हृदयाला चांगलं, पण हाताला त्याने फारसा व्यायाम होत नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचे व्यायाम सांगते. हाताचा आधार न घेता खुर्चीतून दहा वेळा उठा-बसा. भिंतीला हात टेकून जोर काढा. ओला टॉवेल पिळा, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचला. सोपं वाटलं की थोडं वाढवा. श्वास रोखू नका. रक्तदाब किंवा हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. जेवणात डाळ, दूध, अंडी असू द्या.

उशीर झाला, असं मात्र म्हणू नका. १९९० साली अमेरिकेत नव्वदीच्या आसपासच्या अशक्त वृद्धांकडून आठ आठवडे पायांचे व्यायाम करून घेतले. ते पूर्ण करणाऱ्यांच्या मांडीची ताकद सरासरी दुपटीहून जास्त झाली. व्यायाम थांबवल्यावर चार आठवड्यांत ती बरीच उतरलीही. म्हणजे कमावता येते, पण राखावी लागते.

आयुष्यभर आपण दुसऱ्यांचे हात धरले. आता आठवड्यातले दोन दिवस आपल्या हातांसाठी ठेवू या.