कर्णधाराची पदवी

(नागपूर येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



फुटबॉलवर बोला म्हणताना संयोजकांनी एक अट घातली : ‘जुने मोठे की नवे’ या वादात पडू नका. पण समोर कामठीकर बसलेले असताना ही अट पाळायची कशी? राहुल क्लब, यंग मुस्लिम, कामठीचा रब्बानी यांचे सामने ज्यांनी वर्षानुवर्षं पाहिलेत, त्यांच्याशी वाद घालायचा म्हणजे घरून जेवून यावं लागतं. मी वादात पडणार आहे, पण जरा आडवाटेनं. खेळाडूचे पाय नंतर पाहू. आधी त्याची पदवी पाहू.

३१ जुलै १९४८. लंडनजवळचं इल्फर्ड. स्वतंत्र भारताचा ऑलिंपिकमधला पहिला फुटबॉल सामना, समोर फ्रान्स. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी. रामननं गोल केला, दोन पेनल्टी वाया गेल्या आणि आपण २-१ असे हरलो. या संघाचे कर्णधार होते तालिमेरेन आओ. नागा टेकड्यांतला हा तरुण मोहन बागानकडून खेळायचा आणि कलकत्त्याच्या कारमायकेल मेडिकल कॉलेजात डॉक्टरी शिकायचा. ऑलिंपिकच्या संचलनात तिरंगा त्यांच्याच हाती होता. पुढं ते एम.बी.बी.एस. झाले, आपल्या मुलखात परतले आणि नागालँडच्या आरोग्य सेवेचे संचालक झाले. देशाचा फुटबॉल कर्णधार सरकारी दवाखान्यांचा कारभार पाहतोय, असं दृश्य आज कुणाला सुचणार तरी आहे का?

आओ एकटेच तसे नव्हते. १९५१ आणि १९६२ अशी एशियाडची दोन सुवर्णपदकं ज्यांच्या मार्गदर्शनाखाली आली ते सय्यद अब्दुल रहीम हैदराबादचे शाळामास्तर, उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर. १९६२ चे कर्णधार चुनी गोस्वामी कलकत्ता विद्यापीठाकडून फुटबॉलही खेळले आणि क्रिकेटही. पुढं स्टेट बँकेत नोकरी, आणि १९७१-७२ च्या हंगामात रणजीच्या अंतिम सामन्यात मुंबईसमोर बंगालचे कर्णधार म्हणून पुन्हा हेच गृहस्थ! पी. के. बॅनर्जी रेल्वेत. मुंबईचे नेव्हिल डिसूझा कॅलटेक्समध्ये. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यांनी तीन गोल केले आणि आपण चौथे आलो.

आता या यादीवरून ‘तेव्हाची माणसं कशी अष्टपैलू होती हो!’ असा उसासा टाकायचा मोह होतो. मला तो उसासा मान्य नाही. तेव्हा फुटबॉल पोट भरत नव्हता, हे त्यामागचं साधं कारण. खेळाडूला पोटासाठी दुसरं काहीतरी लागायचंच : रेल्वे, बँक, तेल कंपनी, नाहीतर डॉक्टरी. पदवी ही हौस नव्हती, ती भाकरी होती.

उलट सुनील छेत्री पाहा. २००२ मध्ये मोहन बागाननं करारबद्ध केलं तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. शिक्षण तिथंच मागं पडलं. २००५ ते जून २०२४ एवढी वर्षं तो देशासाठी खेळला आणि निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर १५१ सामन्यांत ९४ गोल होते. (पुढच्याच वर्षी निवृत्ती मागं घेऊन गडी परत आला आणि आणखी एक मारला, ही गंमत वेगळीच.) नेव्हिलच्या एका दुपारच्या तीन गोलांशी या ९४ ची तुलना कशी करायची? तेव्हा देशाचे वर्षात सामने होऊन होऊन किती व्हायचे? बदली खेळाडू नसायचा. ज्याला लागलं त्यानं लंगडत खेळायचं. १९६२ च्या जाकार्ता एशियाडमध्ये बचावपटू जर्नेलसिंग डोक्याला टाके असताना आघाडीला खेळले आणि अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध त्यांनी गोल केला. हे कोणत्या सरासरीत बसवाल?

म्हणून माझा मोजायचा हिशेब वेगळा आहे. दोन काळांतल्या खेळाडूंची तुलना करताना त्यांचे गोल बाजूला ठेवा आणि विचारा : विसाव्या वर्षी याचा दिवस कुणाच्या मालकीचा होता? आओंचा दिवस मेडिकल कॉलेजचा होता, उरलेला चेंडूचा. आज आयएसएलच्या (इंडियन सुपर लीगच्या) अकादमीतल्या पोराचा दिवस पहाटेपासून क्लबचा आहे. त्याला पगार मिळतो, आहारतज्ज्ञ मिळतो, आणि तिशीपस्तिशीत गुडघा संपला की हातात पदवी नसते. याची कीव करू नका. त्याला नाव आणि पैसा दोन्ही मिळतं, आणि ते जुन्यांना मिळालं नव्हतं.

खेळ पोट भरत नाही तिथंच पदवी लागते, हा नियम खरा की खोटा, ते मुलींच्या फुटबॉलकडे पाहून तपासता येतं. भारताची गोलरक्षक अदिती चौहान इंग्लंडला लफबरो विद्यापीठात शिकायला गेली आणि तिथं असताना वेस्ट हॅमच्या महिला संघाकडून खेळली. डेन्मार्कची नादिया नदीम खेळता खेळता डॉक्टर झाली. महिला खेळाडूंत शिकलेल्या अधिक दिसतात, कारण त्यांच्या खेळात पैसा अजून तुटपुंजा आहे. आओंचा काळ संपला म्हणतो आपण. तो त्यांच्या मैदानावर अजून चालू आहे.

मग पदवी आणि पगार एकत्र नांदतच नाहीत की काय? ब्राझीलचे सॉक्रेटिस डॉक्टर होते आणि १९८२ च्या विश्वचषकात कर्णधारही. पण अशा विलक्षण माणसांवरून नियम करू नये. मला जपान अधिक शिकवतो. १९६२ च्या त्याच एशियाडमध्ये आपण जपानला २-० असं हरवलं होतं. १९९३ मध्ये त्यांनी व्यावसायिक लीग सुरू केली, पण विद्यापीठांची फुटबॉल स्पर्धा मोडीत काढली नाही. काओरु मितोमा या पोराला कावासाकी क्लबनं थेट वरिष्ठ संघात घ्यायची तयारी दाखवली. तो म्हणाला, आधी विद्यापीठ. त्सुकुबा विद्यापीठात गेला, सहकाऱ्यांच्या डोक्याला कॅमेरे लावून ड्रिबलिंगवर प्रबंध लिहिला आणि मग क्लबकडे आला. २०२२ च्या विश्वचषकात स्पेनविरुद्ध रेषेवरून चेंडू ओढून जपानच्या विजयी गोलाला पास देणारा तोच. साठ वर्षांपूर्वी आपण ज्यांना हरवलं त्यांनी जर्मनी आणि स्पेन दोघांना हरवलं, आणि त्यांच्या संघात विद्यापीठातून आलेले खेळाडू होते. कॉलेजचं मैदान त्यांच्याकडे वरच्या संघाकडं जाणारा रस्ता आहे. आपल्याकडे ते बहुधा शेवटचं स्टेशन असतं.

नागपूरनं मात्र एक काम उलट्या बाजूनं करून दाखवलं. हिस्लॉप कॉलेजात क्रीडा शिकवणाऱ्या विजय बारसे सरांनी २००१ च्या सुमारास झोपडपट्टीतल्या मुलांच्या हाती चेंडू दिला. त्यांच्यावरचा ‘झुंड’ हा चित्रपट पाहिलेल्यांना अमिताभ आठवत असेल. मला त्यापुढचं महत्त्वाचं वाटतं. त्यांच्या स्लम सॉकर संस्थेनं खेळाच्या ओढीनं आलेल्या मुलांना खेळातूनच गणित आणि इंग्रजी शिकवायला घेतलं. फिफानं २०१६ मध्ये तिला विविधतेचा पुरस्कार दिला. विद्यार्थ्याला खेळाडू करायच्या ऐवजी खेळाडूला विद्यार्थी केलं, हे मला फार आवडतं. पण एक शंका राहतेच. यातलं एखादं पोरगं खरोखर चांगलं निघालं, राज्याच्या शिबिरात गेलं आणि नेमकी तेव्हाच हिवाळी परीक्षा आली, तर काय?

याचं उत्तर विद्यापीठानं द्यायचं. आपलं नागपूर विद्यापीठ १९२३ चं, शंभरी पार केलेलं. नव्या शैक्षणिक धोरणात क्रेडिट बँक आहे. पदवी तुकड्यातुकड्यानं, मध्ये थांबून पुरी करता येते. एक वर्ष झालं तर प्रमाणपत्र, दोन झाली तर पदविका. ही सोय कागदावर कुणासाठी आहे? माझ्या मते ती अगदी अशाच पोरासाठी असायला हवी, जे ऑक्टोबरात शिबिरात असतं आणि मार्चमध्ये गुडघ्याला पट्टी बांधून घरी. आज इथं कॉलेजांचे प्राचार्य आणि क्रीडाशिक्षक बरेच दिसतात. चहाच्या वेळी त्यांना गाठून एवढंच विचारा : तुमच्या फुटबॉल संघातल्या किती मुलांचं क्रेडिट खातं उघडलंय, आणि सामन्यामुळं पेपर बुडाला तर तो पुन्हा कधी घेता?